डोंगरातल्या वाटा मोकळ्या राहू द्या

महोदय,

मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. वय ५२. आठ वर्षांपूर्वी मधुमेह निघाला, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले, आणि चालता चालता धावायला कधी लागले ते मलाच कळले नाही. आता आठवड्यातून चार दिवस पहाटे धावते. ज्या वाटांवरून धावते त्यांतली एक यंदा मिरगाच्या आधी बंद झाली, म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे.

गोव्यात धावणे म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे मिरामारची चौपाटी येते, दोनापावलचा रस्ता येतो, नाहीतर चिखलीची रिव्हर मॅरेथॉन. समुद्राकाठी रस्ता सपाट असतो, दिवे असतात, सोबत असते. मीही तिथे धावले आहे आणि मला आनंदच झाला. पण पणजीहून तास-सव्वा तासावर सह्याद्रीच्या पायथ्याशी धावण्यासाठी जे आहे, ते पणजीतल्या माझ्या नातेवाइकांनाही ठाऊक नाही. त्यांना सत्तरी म्हणजे धबधबे आणि चोर्ला घाट एवढेच माहीत.

माझी रोजची वाट वाळपईहून ब्रह्मकरमळीची. देवळापर्यंत सात किलोमीटर. सोळाव्या शतकात तिसवाडीतल्या करमळीहून लोकांनी ब्रह्मदेवाची मूर्ती इथे रानात आणून ठेवली, आणि गावाने नावही तिकडचेच धरले. पोर्तुगीजांपासून देव वाचवायला माणसे कुठल्या कुठल्या आडवाटांनी, किती रात्री चालून इथवर आली असतील, हा विचार मला त्या रस्त्यावर अजूनही येतो. मी पावणेसहाला निघते. डिसेंबर-जानेवारीत वेळूस नदीच्या बाजूला धुके इतके दाट असते की टॉर्चचा उजेड दोन हातांवर अडतो. वायंगणाच्या, म्हणजे हिवाळी भाताच्या, शेतातून गारवा येतो तो आधी पोटऱ्यांना लागतो. मग शेत संपते, झाडे सुरू होतात आणि हवा एकदम उबदार होते. रात्रभर थंड हवा खोलगट भागात साचून राहते आणि झाडांखाली थोडी ऊब टिकते, हे मी शाळेत मुलांना शिकवते. पण अंगाला ते कळले धावायला लागल्यावर.

त्या झाडांची नावे लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. माट्टी, जो आपला राज्यवृक्ष आहे, त्याची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते आणि अंधारातही हाताने ओळखता येते. किंदळ. नाणा, ज्याचे खोड सालपटे टाकून गुळगुळीत, पांढरट होते. मध्येच भेरल्या माडाचे लोंबते घोस. एका वळणावर भिरंडीची, म्हणजे कोकमाची, चार झाडे आहेत. एप्रिलच्या शेवटी तिथे रस्त्यावर लाल फळे फुटून पडलेली असतात आणि बुटाच्या तळाला तो आंबट चिकटपणा पुढचे दोन किलोमीटर जाणवतो. पावसाळ्यात व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेला शीळकरी कस्तूर गातो. माणूस शीळ घालत येतोय असे वाटून पहिल्या वर्षी मी मागे वळून पाहिले होते. एवढ्याचसाठी मी कानात इयरफोन घालत नाही आणि या वाटांवर कोणी घालू नये असे मला मनापासून वाटते. गवा येतो तेव्हा आधी त्याच्या श्वासाचा आवाज येतो. तो ऐकू आला पाहिजे.

धावायला लागले त्या वर्षी लोक थांबवून विचारायचे. दुधाचे कॅन घेऊन जाणारा एक स्कूटरवाला दादा रोज वेग कमी करायचा, "बाये, बस चुकली मगे? बस, सोडटां." म्हणजे मागे बैस, सोडतो. एक महिना तो रोज विचारत राहिला. आता हात करतो आणि पुढे कुत्रे मोकळे असेल तर ओरडून सांगतो. गावातल्या बाईला पहाटे एकटीने धावता येते ते अशा माणसांमुळे.

ब्रह्मकरमळी एकच वाट नव्हे. ज्यांना चढ हवा त्यांनी सत्तरीतल्याच ठाणे गावाहून चरावणे-हिवरेच्या बाजूला जावे. तिकडे रस्ता डोंगराच्या कुशीत शिरतो आणि एकामागून एक वळणांवर दरी उघडत जाते. त्याच भागात गोळावलीला २०२० च्या जानेवारीत विषबाधेने मेलेले चार वाघ सापडले होते. मी तिथून धावते तेव्हा ते आठवल्याशिवाय राहत नाही. केरीहून अंजुणे धरणाच्या बाजूने वाघेरी डोंगर सतत समोर राहतो आणि धावणाऱ्याला तो सोबती वाटतो. धरणाच्या पुढे चोर्ला घाटाचा रस्ता मात्र मी टाळते, ट्रक फार. नानोड्याजवळच्या बांबरात निरंकाराची राई आहे. तिथे रानजायफळाच्या झाडांची मुळे दलदलीतून गुडघ्यासारखी वर येतात. तिथपर्यंत धावत जावे आणि राईच्या तोंडाशी बूट काढून शांत उभे राहावे. आत धावायचे नसते, ती देवाची जागा आहे. सांगे तालुक्यात नेत्रावळीहून वेर्ले-तुडवकडे चढणारा रस्ता मी दोनदाच केला आहे आणि दोन्ही वेळा अर्ध्याहून जास्त चालले. तांबडी सुर्लाला साकोर्ड्याच्या बाजूने रानातून पहाटे पोचले तर कदंबकालीन महादेवाच्या देवळाला पूर्वेचे ऊन लागताना दिसते. सगळा मुलूख जांभ्या दगडाचा आणि देऊळ मात्र काळ्या दगडाचे, तो घाटावरून आणलेला. तो त्या काळी कसा वाहून आणला असेल हे मी मुलांना विचारते, आणि दरवर्षी कोणीतरी उत्तर देते, "वाट होती म्हणून."

नव्याने येणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी, कारण या वाटा प्रेमळ असल्या तरी बेफिकिरी खपवून घेत नाहीत. वाळपईत वर्षाला दीडशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर जांभ्याच्या कातळावर शेवाळ धरते आणि त्यावर कुठलाही बूट टिकत नाही. पहिल्या पावसाळ्यात मी सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, घसरले आणि मनगट महिनाभर पट्ट्यात होते. पावसात डांबरी रस्ता सोडू नका. चढावर दम लागतो तो बरा, दुखणे आणतो तो उतार. उताराला मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावत असतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. पावले लहान आणि भराभर टाकायची, टाच आपटायची नाही. आणि जानेवारी ते मे या दिवसांत पाचोळ्यात शिरू नका. २०१५ मध्ये पाली गावापासून सुरू झालेल्या माकडतापाने सत्तरीत माणसे दगावली आहेत. तो गोचिडीतून येतो आणि काजूच्या हंगामातच त्याचा जोर असतो. पायांना आरोग्य केंद्रात मिळणारे तेल लावायचे, घरी आल्यावर कपडे बाहेरच उतरवायचे, गरम पाण्याने आंघोळ करायची आणि गुडघ्यांमागे, काखेत नीट बघायचे. कुठे मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवायचे. म्हादई अभयारण्य २०८ चौरस किलोमीटरचे आहे, १९९९ मध्ये जाहीर झाले. गावांना जोडणारे रस्ते सोडून आत जायचे तर वनखात्याची परवानगी हवी, आणि ती असलीच पाहिजे असे माझे मत आहे. २०२३ च्या पावसाळ्यात धबधब्यांवर बंदी आली तेव्हा पुष्कळांनी नाराजी दाखवली. मी तेव्हाही बंदीच्या बाजूने होते. दर रविवारी त्या पाण्यात बाटल्या फुटताना आम्ही पाहिल्या आहेत.

आता बंद झालेल्या वाटेविषयी. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. माझे कोणा माणसाशी भांडण नाही आणि गावात कोणाला त्रास व्हावा असे मला वाटत नाही.

दोन वाड्यांना जोडणारी ती दीड किलोमीटरची पायवाट. देवळाच्या मागून निघते, एका कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, बांधावरून जाते. तिथे उजव्या हाताला पोफळींमधून पाट वाहतो आणि त्याचा आवाज पायांच्या लयीत मिसळून जातो. पुढे व्हाळावर पोफळीच्या चार खोडांचा साकव. तो दरवर्षी पावसानंतर वाडीतली माणसे नवीन घालतात, कोणी सांगावे लागत नाही. साकवानंतर काजूच्या बागेतून चढ, आणि मग एकदम सडा. ऑगस्टच्या शेवटी त्या सड्यावर निळी-जांभळी इवली फुले इतकी येतात की पाऊल कुठे टाकावे कळत नाही. वाट तेवढी मोकळी असते, कारण तिच्यावरून माणसे पिढ्यान्‌पिढ्या चालली आहेत आणि कातळात पावलांची खोलगट रेघ पडली आहे. मी त्या रेघेत पाऊल ठेवून धावायची. माझे वडील चतुर्थीच्या आधी माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर बांधायच्या रानफळांच्या छतासाठी, कांगले, कवंडळे, माट्टीची फळे आणायला अशाच वाटांनी रानात जायचे आणि मला सोबत न्यायचे. कुठल्या झाडाकडे वळायचे हे त्यांना तोंडपाठ होते. मला वाटा ओळखायला त्यांनीच शिकवले.

काजूची बाग विकली गेली. घेणारे गोव्याबाहेरचे आहेत, त्यांनी पैसे मोजून घेतली, त्यात वावगे काही नाही. मे महिन्याच्या शेवटी तिथे काटेरी तार आली, लोखंडी फाटक आले, आणि खासगी मालमत्ता असल्याचा फलक, तो इंग्रजीत. साकव ओलांडून मी फाटकापाशी गेले तर आत बसलेल्या राखणदाराने हात हलवून परत जायला सांगितले. तो बिचारा लांबून पोटासाठी आलेला, त्याला सांगितलेले काम करत होता. पण तो शब्द मला टोचला. आमच्याकडे राखणदार म्हणजे सीमेवरचा देव. रात्री वाट चुकलेल्याच्या पुढे काठी आपटत चालतो आणि त्याला घरापर्यंत पोचवतो, असे आजही लोक सांगतात.

मला धावायला दुसरी वाट आहे. मी रस्त्याने फिरून जाऊ शकते. पण जुलैत एका सकाळी फाटकाच्या अलीकडे पलीकडच्या वाडीतली आजी भेटली. डोक्यावर तायकिळा आणि तेरे या रानभाज्यांच्या जुड्यांची टोपली. वाळपईच्या बाजाराला निघालेली. सकाळची बस गाठायची तर तिला हीच वाट. रस्त्याने वळसा चार किलोमीटरचा, आणि गुडघे तिला साथ देत नाहीत. तिने खालची तार उचलून वाकून येण्याचा प्रयत्न केला होता. मी पोचले तेव्हा ती अलीकडे येऊन बसली होती आणि तिच्या कापडाचा हिरवा धागा तारेच्या काट्याला तसाच अडकून राहिला होता. मी टोपली घेतली आणि आम्ही दोघी बसथांब्यापर्यंत चालत गेलो. ती रागावलेली नव्हती. "वाट आसली गे," एवढेच ती दोनदा म्हणाली. वाट होती.

मी त्यानंतर जमिनीचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सात-बारा, काढून बघितला. त्यात इतर हक्कांसाठी रकाना आहे. वाटेची नोंद तिथे कोणी घातली नव्हती, कारण कोणाला कधी गरज वाटली नव्हती. मूळ बागायतदार स्वतः त्याच वाटेने देवळात जायचे. सत्तरीतल्या बहुतेक पायवाटा अशाच माणसांच्या सवयीवर आणि एकमेकांच्या भिडेवर टिकून आहेत. जमिनी हातोहात विकल्या जाताहेत, आणि नव्या मालकाला ती भीड कुठून असणार? ज्याने ती वाट चाललेलीच नाही त्याला ती दिसतच नाही.

रस्त्यांचेही तेच. माझ्या एका वाटेवर रुंदीकरणासाठी यंदा दोन माट्टी आणि एक जुना फणस गेला. रस्ता हॉटमिक्स होऊन गुळगुळीत झाला. त्या पट्ट्यात आता सकाळी आठलाच डांबर तापते, आणि गाड्यांचा वेग एवढा वाढला की शाळेत येणारी मुले कडेच्या गटारात उतरून चालतात. पूर्वी कडेला मुरमाची पट्टी होती, पायांना मऊ. धावणारा माणूस, दप्तर घेतलेले मूल आणि गाईमागून जाणारी बाई तिघांनाही ती पुरायची. आपल्याकडे वृक्षसंवर्धनाचा कायदा १९८४ पासून आहे आणि झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. परवानगी मिळाली असेलही. पण रस्ता रुंद करायचा की नाही, हे ठरवताना त्या रस्त्यावरून पायी जाणाऱ्या कोणालाही विचारलेले नव्हते. २०२३ च्या मार्चमध्ये अभयारण्यात आगी लागल्या तेव्हा शाळेच्या अंगणातून धूर दिसत होता आणि सगळे हळहळत होते. रस्त्याकडेचे झाड दिवसाढवळ्या पडते तेव्हा तेवढी हळहळ होत नाही.

माझी मागणी मोठी नाही आणि तिला पैसाही फारसा लागत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तीत झाडे, औषधी वनस्पती, राई, झरे लिहिले जातात. त्या झऱ्यांपर्यंत आणि राईंपर्यंत जाणाऱ्या वाटाही तिच्यात नकाशासह लिहा. कुठून निघते, कोणाच्या बांधावरून जाते, कुठे साकव आहे, कोण वापरते. जमीन विकायला निघाली तर घेणाऱ्याला हे कागदावर दाखवता येईल. फाटक लावायचेच असेल तर शेजारी माणूस जाईल एवढी आडणी ठेवता येते. गुरे आत जाऊ नयेत आणि माणूस जावा म्हणून आमच्या शेतांना ती आजही असते. आणि जिथे रुंदीकरण अटळ आहे तिथे निदान एका बाजूची झाडे आणि मुरमाची पट्टी राखा. पर्यटन खाते गोव्याच्या आतल्या भागात पर्यटक यावेत म्हणते. यावेत. त्यांना पहाटे धावायला, चालायला नेण्यासाठी आमच्याकडे वाटा तयार आहेत, नव्या बांधायची गरज नाही. गावातला एखादा मुलगा वाटाड्या म्हणून पुढे धावेल, परतल्यावर कोणाच्या तरी घरी पेज आणि खारातली कैरी मिळेल, आणि चार पैसे वाडीत राहतील.

गोवा पंचायत राज कायद्याप्रमाणे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमधल्या रविवारी ग्रामसभा होतात. जुलैच्या सभेला मी बोलायला उभी राहिले तेव्हा मला विचारले गेले की वाट आहे याला पुरावा काय. त्या दिवशी माझ्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते. आता आहे. चतुर्थीच्या सुट्टीआधी मी चौथीच्या मुलांना एकच गृहपाठ दिला: घरापासून शाळेपर्यंतची तुझी वाट काढून आण. १७ मुलांनी १७ नकाशे आणले. एकाने व्हाळ निळ्या खडूने एवढा जाड काढला आहे की कागद फाटला आहे. एकीने चिंचेपाशी बाण काढून लिहिले आहे, "इथे आजी भेटते." एकाने गवा काढला आहे, चारही पाय पांढरे मोजे घातल्यासारखे सोडून बाकी काळाकुट्ट. आणि पलीकडच्या वाडीतून येणाऱ्या तिन्ही मुलांच्या नकाशात देऊळ, कुळागर, साकव, काजू आणि सडा आहे, त्याच क्रमाने. त्यांतल्या दोघांनी काजूपाशी आडव्या रेघा मारून फाटक काढले आहे. तिसऱ्याने फाटक काढलेलेच नाही. विचारले तर म्हणाला, "बाई, तुम्ही वाट काढायला सांगितली होती."

ऑक्टोबरच्या ग्रामसभेला हे नकाशे घेऊन मी जाणार आहे. आपल्याला छापायचे असतील तर त्यांच्या प्रती पाठवीन.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
वाळपई, सत्तरी